दोन दोऱ्यांचा नियम

दोरेवाले सर कोणाचीही ओळख करून घेताना आधी नाव विचारत नसत. "तुमी कोणाला लागून हायत?" असं विचारत. परभणीच्या त्या छोट्या संस्थेत मी कोड लिहायला रुजू झाले, तेव्हा मलाही विचारलं. मी पेडगावची, असं सांगितलं. म्हणाले, "गाव सांगितलंस. माणूस सांग." मला रागच आला होता.

आमचं काम सुतकीच. हरवलेल्या माणसांच्या तक्रारी आणि बेवारस मृतदेहांच्या नोंदी, दोन्ही एकाच इंडेक्समध्ये, म्हणजे संगणकातल्या एकाच सूचीत टाकायच्या. साध्या शोधात शब्द टाकला की तो शब्द असलेल्या नोंदी येतात, बस. सरांची ग्राफ क्वेरी, म्हणजे नोंदींमधले संबंध धरत जाणारा शोध, एका हरवलेल्या माणसापासून निघायची, त्याच्या खुणांवर जायची आणि खुणांवरून मृतदेहांच्या नोंदींवर. गोंदण, चष्मा, कॉलरवरचं शिंप्याचं लेबल, काहीही. दोन नोंदींत सारखी निघालेली खूण म्हणजे एक दोरा; त्यावरूनच ते दोरेवाले सर. एका दोऱ्यावर भरवसा ठेवायचा नाही, किमान दोन हवेत. आणि उड्याही दोनच : माणसावरून खुणेवर एक, खुणेवरून मृतदेहावर दुसरी. "तिसऱ्या उडीला सगळा जिल्हा एकमेकाचा पाहुणा निघतोय," असं म्हणत आणि स्वतःच हसत.

त्यांचं स्वतःचं माणूसही त्या इंडेक्समध्ये होतं. वडील, आबा. रेल्वेतून निवृत्त झालेले, पुढे विसराळू झालेले. एक दिवस पूर्णेतल्या घरातून बाहेर पडले ते परतलेच नाहीत. रोज सकाळी चहा घेतला की सर पहिली क्वेरी आबांची चालवत. पडदा रिकामा आला की कप विसळून ठेवत आणि दुसऱ्यांच्या माणसांकडे वळत. घरी त्यांची आई रोज एकच विचारी, "फोटोला हार घालायचा का न्हाई, तेवढं सांग रे." धम्माप्रमाणे पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसासाठीचा विधी, करायचं तर माणूस गेलं हे तरी कळायला हवं ना! सर म्हणत, "थांब माय, बघायलोय."

एकदा आमच्या क्वेरीने चुडाव्याच्या एका बाईचा मुलगा जुळवून दिला. दोन दोरे होते : पूर्णेच्या शिंप्याचं लेबल आणि हातातलं कडं. आम्ही फोन केला. बाई लेकाच्या अंगावर घालायला नवा कपडा घेऊन शवागारात आली. लेक तिचा नव्हताच. ती तो कपडा त्या परक्याच्या अंगावर पांघरून निघून गेली.

सर तिच्यासोबत गेले होते. परत आल्यावर खुर्चीत बसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "अर्ध्या पूर्णेचे शर्ट तोच शिंपी शिवतोय. त्याचा दोरा सगळ्यांनाच लागतोय. वगळ ते लेबल."

मी म्हटलं, "सर, आबांच्या तक्रारीतही तेच लेबल आहे."

"ठाव हाय. चष्मा हाय, चुन्याची डबी हाय. दोन दोरे उरतेत की."

क्वेरीने दोरा धरायच्या नाहीत अशा खुणांची एक वगळायची यादी होती, तीत मी एक ओळ लिहिली. खोट्या जुळण्या थांबल्या, आणि खरं सांगते, मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

पुढे दूरच्या एका जिल्ह्याच्या जुन्या नोंदी आमच्याकडे आल्या आणि इंडेक्समध्ये गेल्या. त्यानंतरही सरांचा पडदा रोज रिकामाच. मधेच त्यांची आई वारली. ती जाईपर्यंत आबांच्या फोटोला हार नव्हता.

त्यानंतर पाच महिन्यांनी मी प्रोग्रॅमची नवी आवृत्ती करत होते. वगळायची यादी जोडायची राहिली. तपासायला म्हणून रोजची पहिली, आबांचीच क्वेरी चालवली आणि एक नोंद आली. रेल्वे फलाटावर सापडलेला वृद्ध, पूर्णेच्या शिंप्याचं लेबल, खिशात चुन्याची डबी. चष्मा नव्हता. कुठंतरी पडला असणार. म्हणजे लेबल वगळल्यावर एकच दोरा उरला होता, आणि एका दोऱ्यावर आम्ही भरवसा ठेवत नव्हतो.

सरांना बोलवून दाखवलं. त्यांनी नोंद दोनदा वाचली आणि विचारलं, "ही आपल्याकडं कधी आली?"

"दहा महिने झाले."

"म्हणजे माय होती तवा."

"सर, ती ओळ मी लिहिली."

"मी सांगितली म्हणून लिहिलीस." मग त्यांनी ती नोंद पडद्यावरून मिटवली. "घावले आबा. पण विचारणारी गेली की गं. आता सांगू कोणाला?"

दुसऱ्या दिवशी ते त्या गावी जाऊन पोलिसांकडचा फोटो बघून आले. आबाच होते. केव्हाच पुरलेले. महिनाभरात सरांनी काम सोडलं. जाताना एवढंच म्हणाले, "ती ओळ काढ. आणि कोणाला फोन करायच्या आधी आपण जाऊन फोटो बघायचा. हेलपाटा आपला." आता आम्ही तसंच करतो.

आबांची नोंद बंद करायचं काम माझ्याकडे आलं. त्यात 'कोणास कळवले' असा रकाना असतो, तो भरल्याशिवाय नोंद बंद होत नाही. सरांनी त्यात स्वतःचं नाव लिहिलं नव्हतं. विचारणारी माय तर गेली होती; दुसरं नाव लिहायला मीही धजले नाही. ती नोंद अजून उघडीच आहे.