डांबरअण्णाचा फिरता डबा

डांबरअण्णा भाकरी आमटीत कुस्करून चमच्याने खायचा. जोयड्याच्या स्टँडमागे माझ्या शिलाईच्या दुकानाला लागूनच त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे हे ध्यान मी रोज बघत असे. त्याच्या नखांत काळा लगदा कायमचा बसलेला होता. तो पोटात जाऊ नये, एवढीच त्याला स्वतःच्या तब्येतीची काळजी. नाकातून काय जातंय, याकडे त्याने कधी लक्ष दिलं नाही.

आमच्याकडे भात पोसवलं की गवे आणि रानडुकरं शेतात उतरतात, म्हणून कुंपणाच्या तारेला झटका मशीनचा डबा लावतात. जनावराला फटका बसतो, ते पळतं, मरत नाही. आतल्या बोर्डात पाणी शिरू नये म्हणून त्यावर काळं रसायन ओतलेलं असतं. ते वाळून दगडासारखं होतं. आम्ही त्याला डांबर म्हणतो. बाकीचे मेकॅनिक ते बघूनच डबा परत करत. अण्णा मात्र गरम हवेने ते थोडं थोडं मऊ करायचा आणि बांबूच्या कामटीने खरवडत बसायचा. स्क्रू ड्रायव्हर घाल आणि मोकळा हो, असं मी कितीदा सांगितलं. त्यावर तो म्हणे, "लोखंडाला कळत न्हाई अक्का, कुठं थांबायचं." धुराने माझी गिऱ्हाइकं खोकत बाहेर पडायची. मी भांडायची, मग नाकाला बांधायला अस्तराचं फडकं द्यायची. तो त्याने टेबल पुसायचा.

एकदा ऐन पिकाच्या दिवसांत अणशीकडचा एक शेतकरी बंद मशीन घेऊन आला. त्याला ते लगेच हवं होतं. अण्णाने शनिवारी ये म्हणून सांगितलं आणि त्याचा हात धरून बजावलं, "तोवर घरची लाईन तारंला जोडू नको. त्यानं झटका बसत न्हाई, जीव जातो."

"व्हय अण्णा," तो म्हणाला.

शनिवारी डबा तयार होता. न्यायला कोणी आलं नाही. त्याने लाईन जोडली होती, आणि सकाळी गवत आणायला गेलेली त्याची बायको तारेला चिकटून जागीच गेली. जीपवाल्याने हे सांगितलं तेव्हा अण्णाच्या हातात कामटी होती. ती पुसून ठेवून त्याने दुकान बंद केलं. मला त्या शेतकऱ्याचा राग आला, आणि खरं सांगायचं तर अण्णाच्या त्या सावकाश कामटीचाही.

तो डबा अण्णाने विकला नाही. कोणी मशीन दुरुस्तीला आणलं की तो हा डबा त्याच्या हाती द्यायचा. "तुझं हुईस्तोवर ह्यो लाव." असा तो डबा गावोगाव फिरून परत यायचा. अण्णाचा खोकला मात्र वाढतच गेला. डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितलं, तर हा मलाच विचारतो, मग डबे कोण उघडणार? शेवटी बेळगावच्या दवाखान्यात जायची वेळ आली. निघताना त्याने फिरता डबा माझ्या कापडाच्या टेबलावर ठेवला. "कोण आलं तर दे अक्का." अण्णा परत आला नाही. सख्खा भाऊ गेल्यासारखी मी रडले.

यंदा तो डबाही बंद पडला. डांबराच्या आत काय बिघडलंय ते मला कसं कळणार? परवा एक तरुण शेतकरी दारात आला. भात उभं आहे, रात्री गवे येतात म्हणाला. डबा चालत नाही, उघडणारा माणूसही राहिला नाही, हे मी त्याला सांगितलं. मग त्याचा हात धरून म्हटलं, बाबा, लाईन जोडू नको.

"व्हय अक्का," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.