डाव्या खांबाची गाठ

त्याला सगळे सुतळी म्हणत. अंगाने काटकुळा आणि धंदा दोरखंडाचा, त्यामुळे हे नाव कुणी ठेवलं याची चौकशी करायची वेळ कधी आलीच नाही. मालवाहतुकीच्या डेपोत तो एकतीस वर्षं ट्रकवरचा माल बांधत होता. फ्रिज असोत, पोलादी सळया असोत की काचेची तावदानं असोत, वरून ताडपत्री ओढायची, दोर आडवेतिडवे टाकायचे आणि चाकाला पाय लावून आवळायचे. ड्रायव्हर सांगत, की बांधणी सुतळीची असेल तर आरशात मागे बघायचं कारण नाही. हे ऐकून तो मान खाली घालायचा खरा, पण पुन्हा एकदा ऐकू यावं म्हणून तिथेच घुटमळायचासुद्धा.

रविवारी मात्र तो डेपोचा नसे, मैदानाचा असे. त्यांचा फुटबॉलचा संघ तिसऱ्या श्रेणीत खेळायचा. चौथी श्रेणी अजून कुणी काढली नाही म्हणून आपण तिसरीत आहोत, असं पोस्टमन म्हणे. पोस्टमन म्हणजे सुतळीचा शाळेपासूनचा दोस्त, आता निवृत्त, पण पायाला भिंगरी तशीच. तिसरा सलूनवाला. त्याचं तोंड कात्रीपेक्षा जोरात चालायचं आणि गिऱ्हाईक खुर्चीत अडकलेलं असल्यामुळे आजवर त्याला कुणी अडवलं नव्हतं. या तिघांनी चौदा वर्षांत घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवला नव्हता. क्लबला माणूस ठेवणं परवडत नव्हतं, तेव्हा सामन्याच्या दिवशी सकाळी लवकर येऊन दोन्ही गोलांच्या जाळ्या हेच तिघे लावत. पोस्टमन जाळी उलगडायचा, सलूनवाला बोलायचा आणि सुतळी बांधायचा.

त्या रविवारी तिघांनी आणखी एक काम अंगावर घेतलं होतं. गप्प बसायचं.

कारण पंच म्हणून सुतळीची लेक यायची होती. एरवी ती एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी शिट्टी घेऊन धावायची. दुसऱ्या श्रेणीच्या पंचांच्या यादीत जायचं तर तीन सामने निरीक्षकासमोर द्यावे लागत. दोन झाले होते, हा तिसरा. यात घसरली तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे आणखी दोन वर्षं. आपले वडील इथले प्रेक्षक आहेत हे तिने लीगला आधीच लिहून कळवलं होतं. ते क्लबचे पदाधिकारी नाहीत ना, मग हरकत नाही, असं उत्तर आलं होतं. लीगची हरकत नव्हती, हरकत तिची होती.

"या, पण तोंड उघडायचं नाही," तिने आदल्या दिवशी जेवताना बजावलं. "ओरडायचं नाही, हात करायचा नाही, मला ओळखायचंसुद्धा नाही. तुमच्या त्या दोघांनीही."

"मी कधी ओरडतो?" सुतळी म्हणाला.

बायको आणि लेक दोघी एकदम त्याच्याकडे बघायला लागल्या. त्याने भाताकडे लक्ष दिलं.

खरं सांगायचं तर त्या मैदानावर पंचांना धारेवर धरण्यात या तिघांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सुतळीचा आवाज छातीच्या मानाने चौपट होता. इंजिन चालू असलेल्या ट्रकवर चढलेल्या माणसाला खालून सूचना देऊन देऊन तो कमावलेला होता. आजवर कितीतरी पंचांचे चश्मे, जेवण आणि झोप यांची त्याने भर मैदानात चौकशी केली होती. आता पोटची पोरगी त्याच जागी उभी राहणार म्हटल्यावर त्याला ती सगळी माणसं आठवत होती, आणि आठवून बरं वाटत नव्हतं.

सकाळी दुसऱ्या गोलाची शेवटची गाठ, डाव्या खांबाच्या बुडाशी, तो मारत होता तेवढ्यात फाटकातून लेक आत आली. काळा गणवेश, खांद्यावर बॅग, केस घट्ट बांधलेले. सुतळीने हात झटक्यात उरकला आणि ओळख दाखवायची नाही म्हणून तो थेट पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहिला. तिथून तो बघत होता. ती जाळीची एकेक गाठ ओढून पाहत निघाली होती, वाकून, न कंटाळता. काम बघावं तर असं, असं त्याच्या मनात आलं, आणि तो छाती काढून पायऱ्यांवर जाऊन बसला.

सामना सुरू झाला. सलूनवाल्याने लिमलेटच्या गोळ्यांचा पुडा आणला होता. बोलावंसं वाटलं की एक गोळी तोंडात टाकायची, असं ठरलं होतं. पहिल्या वीस मिनिटांत अर्धा पुडा त्याने एकट्याने संपवला. मागच्या पायरीवरच्या एका ड्रायव्हरने सुतळीच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "काय झालं दादा? आज आवाज नाही?"

"दाढ दुखतेय त्याची," पोस्टमन म्हणाला.

"आणि तुमची?"

"आमचीपण."

पोरगी मात्र झकास करत होती. चेंडूच्या मागे मागे, पण कुणाच्या पायात न येता. पाहुण्या संघाचा एक आडदांड गडी अंगावर धावून आला, तेव्हा ती एक पाऊलही मागे सरली नाही. हलक्या आवाजात काहीतरी बोलली आणि तो गडी चक्क मान डोलावून परत गेला. सुतळीने चोरून वर बघितलं. सर्वांत वरच्या पायरीवर निरीक्षक बसला होता, टोपी घातलेला, मांडीवर वही. चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती.

मध्यंतरापर्यंत एक-एक अशी बरोबरी होती. उत्तरार्धात संघांनी जागा बदलल्या आणि पाहुण्यांचा गोलकीपर सकाळी शेवटी बांधलेल्या त्या गोलात आला. त्याने पाण्याची बाटली आणि टॉवेल डाव्या खांबाच्या बुडाशी टाकला. मधूनमधून तो टॉवेल उचलायचा, हात पुसायचा, परत टाकायचा. याकडे कोण कशाला बघतंय.

पंच्याऐंशीव्या मिनिटाला आपल्या संघातल्या एका पोराने डावीकडून जीव खाऊन चेंडू हाणला. जाळी थरथरली, चेंडू आत. दोनशे माणसं उठली. लेकीने शिट्टी मारून मधल्या वर्तुळाकडे हात केला. गोल. सलूनवाल्याने गोळी गिळली आणि पोस्टमनला मिठी मारली.

पण त्या बाजूचा लाइन्समन जागचा हलला नव्हता. निशाण धरून तो तसाच उभा होता. लेकीच्या ते लक्षात आलं. ती धावत त्याच्याकडे गेली, दोघं बोलले, मग ती गोलाशी गेली, गुडघ्यावर बसली आणि डाव्या खांबाच्या बुडाशी हात घातला. हात जाळीतून आरपार बाहेर आला. चेंडू खांबाच्या बाहेरून, त्या फटीतून आत शिरला होता. ती उठली आणि तिने दोन्ही हात आडवे हलवले. गोल नाही.

मैदान खवळलं. पायऱ्यांवरची माणसं कुंपणापर्यंत धावली. जे जे शब्द सुतळीने इतक्या वर्षांत इतरांच्या लेकरांवर फेकले होते, ते सगळे आता त्याच्या लेकराच्या दिशेने निघाले. एकदा दिलेला गोल परत घेते म्हणजे काय, विकली गेली, घरी बसवा हिला. ती चेंडू काखेत धरून ताठ उभी होती. वर निरीक्षकाची पेन्सिल भराभर चालली होती.

सुतळीला काही ऐकू येत नव्हतं. तो त्या सुटलेल्या दोराच्या टोकाकडे बघत होता. टोक सरळ होतं. दोर तुटला असता तर पिंजारला असता. म्हणजे ही गाठ सुटली होती, आणि का सुटली हे सबंध मैदानात फक्त त्याला ठाऊक होतं. डेपोत प्रत्येक ट्रकची शेवटची गाठ ही सुरगाठ मारायची पद्धत असते. बाकी सगळ्या निरगाठी, पण शेवटची अशी, की माल उतरवणाऱ्याने एक टोक ओढलं की मोकळी व्हावी. एकतीस वर्षं त्याचे हात तेच करत आले होते. सकाळी लेक दिसली, तो गडबडला आणि हातांनी हातांचं काम केलं. पुढे गोलकीपर टॉवेल उचलत राहिला आणि त्याबरोबर दोराचं टोक थोडं थोडं ओढलं गेलं.

गप्प बसायचं वचन होतं. बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. मागे डेपोचे चार ड्रायव्हर उभे होते, तेही ओरडत होते. या माणसांसमोर मान खाली घालण्यापेक्षा ट्रकखाली गेलेलं बरं, असं त्याला क्षणभर खरोखरच वाटलं. मग तो उठून पायरीवर चढला.

"ओ!" त्याने आवाज लावला, आणि तो आवाज निघाला की मैदान थांबतं ही सवय सगळ्यांना होती. "जाळी मी बांधलीय. गाठ माझी होती आणि ती सुटली. चेंडू बाहेरून आत गेला. तिने बरोबर केलंय. आता बसा खाली."

"तुमची गाठ?" मागचा ड्रायव्हर म्हणाला. "सुटली?"

"सुटली."

हळूहळू माणसं बसली.

लेकीने कुंपणाकडे बघून विचारलं, "जाळी कोण लावतं इथे? त्यांना पाठवा." तो आत गेला, तिच्या पायांशी बसला आणि निरगाठ मारली, वर आणखी एक. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. तिने दोन्ही हातांनी दोर ओढून बघितला, मान हलवली आणि धावत गेली. उरलेली पाच मिनिटं कोरडीच गेली. एक-एक.

पोस्टमन आणि सलूनवाला फाटकाबाहेर बाकावर बसले. दोघांनीही त्याला धीर द्यायचा प्रयत्न केला नाही, इतकी अक्कल त्यांना या वयात आली होती. सुतळी उभाच होता. जाळी तपासणं हे पंचाचं काम. आपल्या एका गाठीने पोरीची दोन वर्षं खाल्ली, यापलीकडे त्याच्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा केस ओले होते.

"बाबा, तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं."

"तू सगळ्या गाठी ओढून बघत होतीस," तो म्हणाला. "मी टाकीमागून बघितलं. मग ती कशी राहिली?"

तिने बॅग खाली ठेवली. "राहिली नाही. सोडली. बाकीच्या साध्या निरगाठी, त्या कुणीही मारतं. या एकीचं टोक मात्र दोनदा आत खोचलेलं होतं. असं तुमच्याशिवाय कुणी करत नाही. म्हटलं, बाबांची गाठ, ती काय बघायची."

सुतळी बाकाच्या कडेवर टेकला.

"निरीक्षकांनी हेच विचारलं," ती पुढे म्हणाली. "मी खरं ते सांगितलं. म्हणाले, चूक मोठी आहे. पण दोनशे माणसांसमोर स्वतःचा निर्णय फिरवायला जे लागतं ते शिकवून येत नाही. पास केलं त्यांनी. अहवालात एक ओळ मात्र आहे, ओळखीच्या माणसाचं काम जास्त तपासावं."

सलूनवाल्याने उरलेला अख्खा पुडा तिच्या हातात कोंबला आणि पोस्टमन नाक पुसायला लागला. सुतळी लेकीकडे बघत राहिला. सव्वीस वर्षांच्या या पोरीने, जी दुसऱ्या कुणाची एकही गाठ तपासल्याशिवाय सोडत नव्हती, त्याची सोडली होती. त्याला आनंद झाला होता आणि लाजही वाटत होती, आणि यातलं कुठलं मोठं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"बरोबर लिहिलंय त्यांनी," तो म्हणाला आणि तिची बॅग उचलली. "पुढच्या वेळी पहिली माझी ओढ."