खर्रा आणि नाडीची रेघ

कोळशाच्या खाणीतला मोठा डंपर हाती हवा, तर आधी सिम्युलेटरवर पास होणं भाग होतं. खोलीतच डंपरची केबिन, समोर पडद्यावर खाण आणि बोटाला नाडी मोजणारा चिमटा; नाडीची रेघ बाजूच्या छोट्या पडद्यावर. मन शांत राहावं म्हणून मी आधीच गालात खर्रा, म्हणजे चुना लावून घोटलेली सुपारी-तंबाखू, दाबला होता. आमच्या चंद्रपुरात सोयरीक जुळवायची तरी आधी खर्रा घोटतात.

गाडी सुरू व्हायच्या आधीच शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "भाऊ, काऊन एवढे घाबरून राह्यले?"

"नाई बाई, मी त निवांत बसलो," मी भरल्या तोंडानं म्हणालो, आणि तिथंच पकडलो गेलो.

"खर्रा थुका, चूळ भरा अन् घंटाभर बाहेर बसा. तंबाखूनं नाडी पळते."

इतकी वर्षं मी जिला शांती समजत होतो, ती छातीत अशी धावत होती तर.

दुसऱ्या खेपेला पडद्यावरच्या उतारावर ब्रेक गेले. नाडीची रेघ उडाली. मी गाडी मातीच्या बांधाला लावून थांबवली, तशी रेघही खाली आली. बाईंनी पास केलं, पण मी उठेना.

"बाई, चिमटा राहू द्या थोडा. पास झालो म्हणून घरी फोन लावतो, रेघ कुठी जाते पाहू."