गंध लावलेला फौजी

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. आमच्या बैठकीतल्या तसबिरीतला फौजी आमचा कोणी नव्हता.

महाराष्ट्र नवा होता तेव्हाची गोष्ट. मलकापूरला कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमधल्या, गोऱ्या साहेबाच्या जुन्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं. वडिलांनी खुर्च्यांसोबत हे जुनं तैलचित्रही उचललं. लाल कोट, फेटा, छातीवर पदकं. नाव कुठंच नाही. बहिणीचं लग्न जमवायचं होतं आणि पाहुण्यांना घराणं हवं होतं. आजपासून हा माझा आजा, असं वडिलांनी घरात सांगून टाकलं. पण आज्याच्या कपाळाला गंध नव्हतं, उलट घावाची खूण होती. मग पिंपळगाव राजाहून पाट्या रंगवणारा पेंटर बोलावला. त्यानं त्या खुणेवरच ठसठशीत गंध काढलं. रंगाची वाटी मी धरली होती.

पाहुणे आले त्या दिवशी बौद्धवाड्यातली एक म्हातारी वेचलेला कापूस घेऊन अंगणात आली. ती आमच्याकडे नेहमी वेचणीला असायची. बैठकीचं दार उघडं होतं. ती तिथूनच तसबिरीकडे बघत राहिली. मी ओसरीवर होतो.

"मालक, थो फोटो कोनाचा हाय?"

मी 'काऊन?' म्हणून विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं. तिचा बाप फौजेत होता. गोऱ्या साहेबानं त्याला समोर बसवून चित्र काढवून घेतलं होतं. पुढे तो लढाईवर गेला, तो आलाच नाही. घरात त्याचा साधा फोटोही नव्हता.

"माह्या बापाच्या कपायावर घाव होता," ती म्हणाली. "जरा जवयून पाहू द्या मले."

तो तिचाच बाप होता असं मी छातीठोक म्हणत नाही. पण गंधाखाली काय आहे, हे मला ठाऊक होतं. आत पाहुण्यांचं बोलणं थांबलं होतं. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "आमच्या पणजोबाचा हाय. घाव-बिव काही नाही त्याले."

ती थोडी हसली. "हाव मालक. गंधवाला मानूस तुमचाच असन."

लग्न जमलं. फौजी घराण्याची लेक म्हणून बहीण सासरी मिरवली. पितृपक्षात वडील त्या परक्यापुढे पान वाढू लागले, आणि मी हात जोडत राहिलो. म्हातारी पुन्हा आमच्या वेचणीला आली नाही. ती गेल्याचंही मला उशिरा कळलं.

तिचा मुलगा डोणगावला असतो. त्याच्या दारात जाऊन, मी तुझ्या आईशी जाणूनबुजून खोटं बोललो, हे सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.