एका फ्रेंच संपादकाला घेऊन रत्नागिरीला

तात्यांनी कळवलं होतं, चरित्र छापतो, पण शेवट कापून. पत्राने वाद मिटणार नव्हता. फाल्गुनात रजा टाकली आणि हस्तलिखित घेऊन कोल्हापूरहून निघालो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी कारखान्यात लेथवर होतो, पंचेचाळिशी ओलांडलेली. फ्रेंच शिकलो ते शब्दकोश घेऊन, घरीच. त्या जोरावर एका बंडखोर फ्रेंच लेखक-संपादकाचं आयुष्य लिहून काढलं होतं. तात्यांचा रत्नागिरीत छापखाना; जमेल तेव्हा ते एक अनियतकालिक काढत.

एसटी आंबा घाटाने जाते. मागची सीट टाळा, हाडं खिळखिळी होतात. साखरप्याला चहा घ्या, भजी नको. रत्नागिरीत स्टँडजवळच्या खानावळीत बांगड्याचं तिकलं, म्हणजे तिखट दाट कालवण, आणि भात जेवलो. स्वस्त, आणि मासा ताजा.

छापखान्यात आंबापेटीच्या लेबलांचे गठ्ठे रचलेले होते. तात्या म्हणाले, पूर्वार्ध फक्कड आहे. गडी मासिक काढतो, विरामचिन्हं हाकलतो, मोठमोठ्यांना अंगावर घेतो. पण मासिक बुडाल्यावर?

"बंडखोर माणूस मटारच्या बिया विकताना दाखवू?"

विकत नव्हता, मी म्हणालो. बियाणेवाल्याच्या सूचिपत्राचा संपादक होता, मरेपर्यंत. स्वतःच्या परसात पेरून पाहिल्याशिवाय एका वाणाचं वर्णन छापलं नाही त्याने. हे गाळलं तर चरित्र खोटं. छापायचं तर पूर्ण, नाहीतर मी परत नेतो.

"घाटावरचे तुम्ही. हट्ट कसला सोडताय."

मी कागद बांधायला घेतले. इतका वेळ छपाईचे खिळे जुळवणारे इस्माईलभाई मान वर न करता म्हणाले, "कापा ओ तात्या. पण मग अंकावर आपलं नाव पण नको. आपण तरी वर्षभर हापूसची लेबलंच छापतो ना?"

तात्यांनी माझ्या हातातलं बाड ओढून घेतलं आणि इस्माईलभाईंपुढे ठेवलं. सगळं.

मुक्काम वाढवला. सकाळी मिरकरवाड्याला मासळीचा लिलाव पाहायचा (चपला जुन्या घाला), नंतर प्रूफं. ती मीच तपासली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

अंक फार जणांनी वाचला नाही. घरी मात्र बायकोने वाचला. इतकी वर्षं या फ्रेंच माणसाच्या नावाने बोटं मोडत होती. मासिकाची भांडणं तिने भराभर उलटली आणि शेवटाशी थांबली.

"हा पेरून बघणारा आधी सांगितला असतात," ती म्हणाली, "तर मी एवढी कटकट केली नसती."