पेटीपाशी बसलेला मास्तर

मास्तरकीत मुलांचे किस्से साठतात म्हणतात. माझ्याकडं साठले ते निवडणूक ड्युटीचे! उस्मानाबाद जिल्ह्यात शिक्षक झालो तेव्हाच मतदार यादी, शाई आणि पत्र्याची पेटी नशिबाला चिकटली. मित्र विचारतात, "मास्तर, त्या वर्षी कोण निवडून आलं?" ते मला सांगता येत नाही. मत द्यायला आलेली माणसं मात्र सगळी आठवतात.

*

एका वर्षी पाऊस नव्हता. वाशीकडच्या एका गावातली माणसं रोजगार हमीवर खडी फोडत होती. तिथली एक बाई तशीच धुळीनं माखून मतदानाला आली. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला चिंधी बांधलेली. शाईवाले क्लार्क म्हणाले, "राहू द्या बाई, शेजारच्या बोटाला लावतो. नियमात बसतं."

तिनं सावकाश चिंधी सोडली. बोट ठेचलेलं होतं.

"ह्यालाच लावा. सरकारच्या कामावर ठेचलंय. सरकारची शाईबी ह्यालाच लागू द्या."

शाई झोंबली असणार. चिंधी कमरेला खोचून ती मतपत्रिका घ्यायला पुढं सरकली.

*

अंध मतदाराला आत सोबती नेता येतो. एक दिसत नसलेले आजोबा बायकोचा हात धरून आले. मी आजींच्या नावाचा फॉर्म काढला, तर आजोबा वाकून हळूच म्हणाले, "गुरुजी, हिला नका धाडू आत. दुसरं कुणीबी द्या."

"का हो आजोबा?"

"घरात चाळीस वर्सं हिच्याच मतानं चाललोय. आज माझं माझ्या मतानं होऊ द्या."

आजींनी ऐकलं होतं. म्हणाल्या, "जाऊ द्या त्यांना. माझं एक हायेच की."

*

तेरच्या अलीकडं एका खेड्यात मी पहिल्यांदा केंद्राध्यक्ष होतो. शाळेच्या व्हरांड्यात पाण्याच्या दोन घागरी ठेवल्या होत्या. सकाळपासून मी एकीतलंच पाणी पीत होतो. दुसरी कशाला, हे विचारलं नाही. माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही.

दुपारी बौद्ध वस्तीतले किसनराव मत देऊन माझ्या टेबलापाशी थांबले. पोस्टातून रिटायर झालेले, शांत गृहस्थ.

"गुरुजी, आत पेट्या किती हायेत?"

"एकच."

"मग भाईर घागरी दोन कशा?"

मी उठलो, दुसरीतलं पाणी पहिलीत ओतलं आणि रिकामी घागर माझ्या टेबलाखाली आणून ठेवली. पोलिंग एजंट एकमेकांकडं बघायला लागले. किसनराव तांब्याभर पाणी प्याले आणि निघाले.

संध्याकाळपर्यंत काही जण तहानलेलेच परत गेले. घागर एकच राहिली.

*

आणि सास्तूरच्या बाजूच्या एका गावातल्या गंगूबाई. साखर कारखान्याच्या ऊसतोडीवर होत्या. मतदानासाठी फडावरून पहाटे निघाल्या आणि सहा कोस चालत दुपारी पोचल्या. यादीत बघितलं, तर त्यांच्या नावावर आधीच खूण झालेली. कुणीतरी त्यांचं मत देऊन गेलं होतं.

"मावशी, तुमचं मत पडलंय," मी म्हणालो.

"आन् मी तर आत्ता आले."

अशा वेळी वेगळी मतपत्रिका देतात. ती पेटीत पडत नाही, लिफाफ्यात जाते. कोर्टानं मागितली तरच उघडते. एजंट म्हणाला, "न सांगता द्या की, म्हातारीला काय कळतंय!" पण मला खोटं बोलवेना. सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजी मोजणार न्हाईत?"

"बहुतेक नाही, मावशी."

त्यांनी ती मतपत्रिका मागून घेतली. मग पडद्यामागं गेल्या. पुष्कळ वेळानं आल्या, घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला आणि मी लिफाफा चिकटवेपर्यंत हलल्या नाहीत.

"मोजू नका," त्या म्हणाल्या, "पर फाडूबी नका."