कप्तानचा तिसरा माणूस

कप्तान नावेत चढणाऱ्या माणसाचं तोंड कधी पाहत नसे. पाटील चढो, मास्तर चढो, नवरदेव चढो, त्याची नजर नावेच्या कुशीवर. तिथं त्यानं पांढऱ्या रंगानं एक आडवी रेघ ओढली होती. पाणी रेघेला टेकलं की तो वल्हं मांडीवर आडवं ठेवायचा आणि म्हणायचा, "बस. आता जो चढंल, तो दुसऱ्याले उतरवून चढंल." मग कोणी कितीही ओरडो, नाव हलायची नाही. एकदा एका बाईला तो म्हणाला, "माय, उतरा." ती म्हणाली, "मी नाई उतरत, माह्या बाजूच्याची बकरी उतरव." बकरीवाला म्हणाला, "बकरीचं वजन किती, अन् बाईचं किती!" त्यावर जे भांडण लागलं त्यात चौघं आपणच उतरून मजा पाहायला काठावर उभे राहिले. रेघ वर आली. कप्तानने नाव सोडली. ते चौघं काठावरून शिव्या देत राहिले.

कप्तान हे नाव लोकांनी चिडवायला ठेवलं होतं. तो कप्तान कधीच नव्हता. मुंबईहून निघणाऱ्या मालाच्या जहाजावर तो साधा खलाशी होता, दोर ओढणारा, फळ्या घासणारा. माझ्या बायकोचा, भागाचा, थोरला भाऊ. भागा मागच्या पौषात गेली. भात वाढताना "दादाले असा मोकळा भात आवडे" असं म्हणणारं घरात तीच एक होती. आता ते म्हणणारं कोणी नाही. मी शाळा फार शिकलो नाही, पण हे माझ्याशिवाय कोण लिहिणार? माझ्या नातवांना तर तो कोण होता हेही ठाऊक नाही. ते हिंदी बोलतात, आणि नदी पुलावरून ओलांडतात.

आमचं गाव वैनगंगेच्या या काठाला, बालाघाट त्या काठाला. पूल तेव्हाही होता, पण लांब, सडकेवर. बैलगाडीनं सकाळी निघालं तर दुपार व्हायची. म्हणून घाटावरची नाव. बाजार, कचेरी, दवाखाना सगळं पलीकडे. घाटाचा दरसाल लिलाव होई. जो ठेकेदार घाट घेई, त्याच्या नावेवर आम्ही दोघं. मागं वल्ह्यावर तो, पुढं बांबूवर मी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की लोक चालत जात आणि आम्ही मजुरीला. आमच्या वस्तीतली माणसं नाव चालवतात म्हणून काही जण नाक मुरडत. पलीकडे जायची घाई असली की ते नाक आपोआप जागेवर येई.

आमच्या वस्तीनं धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर तीनचार वर्षांनी तो जहाज सोडून परत आला. खोकला घेऊनच आला. बाकी काही आणलं नाही. समुद्राच्या गोष्टी लोक विचारत, मासे केवढे, लाटा केवढ्या. तो सांगायचा कायद्याच्या गोष्टी. लोक कंटाळून उठून जात. मला मात्र बांबू सोडून जाता येत नसे, म्हणून मी ऐकल्या.

"जवाईबापू," तो मला म्हणे, "जहाजावर चढ्याच्या आंधी सायबासमोर उभं करत. करार वाचून दाखवत. मानूस काय काम करंल, काय खाईल, बिमार पडला तर दवा कोन देईल, परमुलखात पडून राह्यला तर घरी कोन आनंल, सारं लिवलेलं. अन् वाचून झालं का इचारत, समजलं का? मले तोवर कोनी इचारलं नवतं, समजलं का म्हनून."

पाण्याचंही तसंच. माणशी पाणी ठरलेलं. टाकीपाशी नाव पुकारत आणि भांड्यात ओतत, सगळ्यांना एकाच टाकीतून. हे सांगताना त्याचं वल्हं थांबायचं. "माहं नाव घेऊन, जवाईबापू. नाव घेऊन पानी." गावच्या विहिरीवर आम्ही लहानपणी कसे लांब उभे राहायचो, कोणी वरून ओतलं तर ओंजळ धरायचो, ते दोघांनाही ठाऊक होतं. तोवर नाव धारेला लागायची आणि मला ओरडावं लागायचं, "दादा, वल्हं!"

जेवायला तो आमच्याकडेच. भागाचं वरण कधी पातळ झालं की तो वाटी वर करून पाहायचा आणि म्हणायचा, "या अन्नावर तक्रार होऊ शकते. पन तीन झन पायजे. कायदा हाये."

भागा म्हणे, "दोघं तर बसले हायत वरपत. तिसरा कुठून आनता?"

"म्हनून तर तुहं चालून राह्यलं," तो म्हणे, आणि पातळ वरण दोनदा मागून घेई.

तो थट्टा करतो असं मला वाटायचं. पण जहाजावर खरंच तसा नियम होता. अन्न नासलं, पाणी बिघडलं, तर खलाशी बंदरातल्या साहेबाकडे तक्रार करू शकत. साहेबाला येऊन पाहावंच लागे. पण एकट्याचं ऐकत नसत. निदान तिघं हवेत. कप्तानच्या शेवटच्या सफरीत टाकीतल्या पाण्याला वास येऊ लागला. रत्नागिरीकडचा एक खलाशी त्याचा सोबती होता. ते दोघं तक्रारीला तयार झाले. तिसरा होईना. कोणाला पुढची सफर हवी होती, कोणाच्या घरी बहिणीचं लग्न. एक बंदर गेलं, दुसरं गेलं. रत्नागिरीवाल्याला हगवण लागली. तिसरं बंदर यायच्या आत त्याला कपड्यात शिवून समुद्रात सोडला. कप्तानही आजारी पडला, पण वाचला. कायद्याप्रमाणे त्याला दवा मिळाली आणि घरापर्यंत पोचवलंही.

"कायदा होता," तो सांगे. "चांगला होता. फक्त तिसरा मानूस नवता."

मग आमच्या घाटाला एक नवा ठेकेदार आला. वारासिवनीकडचा. पहिल्याच बाजाराच्या दिवशी त्यानं कप्तानला अर्धी माणसं उतरवताना पाहिलं. "अरे कप्तान, ये समंदर नहीं है, वैनगंगा है. भर!" कप्तान म्हणाला, "सेठ, पानी पानीच असते." त्या दिवशी ठेकेदार हसला. पण कार्तिकात रामपायलीच्या जत्रेला त्या काठाची गर्दी या काठाला लोटली, तेव्हा तो स्वतः घाटावर उभा राहून माणसं चढवू लागला. रेघ हातभर बुडाली. पाणी नावेच्या काठाशी आलं. बाया पोरांना छातीशी धरून बसल्या. कप्तान वल्हं मारत होता. पोचल्यावर त्याची विडी पेटेना. मी पेटवून दिली.

त्या दिवसापासून त्यानं धरलं, तक्रार करायची. कचेरीत. आणि त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं, की तक्रारीला तिघं लागतात. तो एक, मी दोन. तिसरा शोधायला तो निघाला.

रोज पलीकडे जाणाऱ्या मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, "मी सरकारी नोकर. माझी बदली करतील बस्तरमध्ये." घाटावर चहा विकणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "गर्दी हाये म्हनून माहा चहा हाये, कप्तान. तुले काहून माह्या पोटावर पाय द्याचा हाये?" ज्याच्या बैलाची जोडी नावेतून घसरून पाण्यात पडली होती, त्या शेतकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "माह्यावाले बैल तं पोहून निंगाले." कोणाच्या बोलण्यात खोट नव्हती. सगळ्यांना भीती वाटत होती, आणि सगळ्यांना पलीकडेही जायचं होतं. मी त्याला म्हटलं, दादा, चला आपण दोघंच जाऊ. तो चिडला. "दोघाईचा कागद फेकून देतात. मी पाह्यलं हाये. तिसरा पायजे."

असा एक हंगाम गेला. दुसरा आला.

भागा म्हणाली, "मी होईन तिसरी."

"तू नावेवरची नाई. तक्रार नावेवरच्याची लागते."

पुढं श्रावणात मला तापानं धरलं. ठेकेदारानं दुसरा माणूस दिला नाही. तेव्हा माझ्या जागी भागानं लुगड्याचा काचा मारला आणि पुढं उभी राहून बांबू मारला. लोकांनी तोंडात बोटं घातली. मी उठून बसलो तेव्हा ती तळहाताचे फोड दाखवत भावाला म्हणाली, "आता सांग. मी नावेवरची हावो का नाई?"

कप्तान तिच्या हाताकडे पाहत राहिला. मग असा हसला, की खोकल्यानं वाकला. "हौ," म्हणाला. "हौ भागे. झाले तीन."

आम्ही तिघं कचेरीत गेलो. त्यानं टोपी धुऊन घातली होती. भागा लग्नातलं लुगडं नेसली होती. जाताना नावेत तो मागून वल्हं मारता मारता मला पुन्हा पुन्हा सांगत होता, की आता साहेबाला घाटावर यावंच लागेल, येऊन पाहावंच लागेल. त्याला इतका खूश मी कधी पाहिला नव्हता. कचेरीत बाबूनं आमचं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता. त्यानं बसायला सांगितलं. मग विचारलं, "तीन लोग क्यों आए? एक भी आता तो सुन लेते."

कप्तानला कळलंच नाही. त्यानं जहाजाचा नियम समजावला. बाबू म्हणाला, "बाबा, वो जहाज का कानून है. जहाज के लोगों का. यहाँ घाट ठेकेदार का है. एक आए, तीन आएँ, सौ आएँ. हम क्या करेंगे?"

कप्तान उठेना. भागानं त्याच्या दंडाला धरून उठवलं. बाहेर पायरीवर तो एवढंच म्हणाला, "एकटा चालला असता." दोन हंगाम गेले होते. येताना आम्ही पुन्हा त्याच नावेत वल्हं-बांबू धरले. नाव गच्च भरली होती. त्यानं कुशीकडे पाहिलं नाही.

पुढच्या बाजाराच्या आत ठेकेदाराला कळलं. आम्हाला काढलं आणि लांजीकडचे दोन जण ठेवले. नावेला डांबर फासलं, त्यात रेघही गेली. मी भाताच्या गिरणीत हमाली धरली. कप्तानला छातीमुळं पोतं उचलत नसे. तो घाटावर बसू लागला. नाव निघाली की बसल्या जागेवरून म्हणायचा, "रेघ बुडली."

चहावाला म्हणे, "कुठाय रेघ? डांबर हाये. अन् नाव तं पोचली, पाहा!"

ते खरं होतं. नाव दरवेळी पोचायची. पुरात पोचली, जत्रेत पोचली, वरातीसकट पोचली. वर्षामागून वर्षं पोचत राहिली. लोक त्याला हसायचे, मग हसायचेही सोडून दिले. येडा म्हातारा म्हणून त्याच्या अंगावरून जायचे. मलाही कधी कधी वाटायचं, की दादाचंच चुकत असेल.

एका भादव्यात त्याच्या खोकल्यात रक्त पडलं. वैद्य म्हणाला दवाखान्यात न्या, आत्ता न्या. बाजाराचा दिवस होता. पुलाकडून गाडीनं गेलो तर दुपार झाली असती. आम्ही खाट उचलून घाटावर आणली. नाव भरलेली होती, पण लांजीवाले नावाडी चांगले. "ठेवा, ठेवा, मधात ठेवा." लोक सरकले. खाट आडवी ठेवली, मी चढलो, भागा चढली. नाव खाली बसली.

कप्तान कोपरावर उठला. खाटेवरून मान काढून त्यानं कुशीकडे पाहिलं. डांबर काळंभोर, रेघ कुठंच नाही. पण त्याला ती कुठं होती हे ठाऊक होतं.

"मले उतरवा," तो म्हणाला.

"दादा, आज हट्ट नका करू."

"जवाईबापू, इतकी लेकरं हायत नावेत. उतरवा मले."

भागा नावेत उभी राहिली. हात जोडले. "कोनी चारपाच झन उतरा हो. पुढच्या खेपेले या. माह्या भावाले दवाखान्यात न्याचं हाये." कोणी आपल्या गाठोड्याकडे पाहिलं, कोणी पाण्याकडे. एक जण म्हणाला, "बाई, आमी तं बसा म्हनूनच राह्यलो. तोच उतरतो म्हनते." तेही खोटं नव्हतं. कप्तान खाटेवरून पाय खाली सोडू लागला. तो पाण्यात पडेल म्हणून आम्हीच खाट उतरवली.

नाव गेली. तो मान वळवून पाहत होता. त्याला लांबचं दिसत नसे. म्हणून विचारत राहिला.

"मधात हाये?"

"हौ, मधात हाये."

"पोचली?"

"पोचली, दादा."

"बरं झालं," म्हणाला. पुन्हा रक्त आलं. भागानं पदरानं तोंड पुसलं.

नाव परत आली तेव्हा रिकामी होती. खाट ठेवून वर दहा माणसं बसली असती, एवढी जागा होती. नावाडी म्हणाले, चला आणा. आम्ही उठलो नाही. त्याला न्यायचं कुठं राहिलं नव्हतं.

भागा त्यानंतर त्या नावेत बसली नाही. बाजाराला पुलावरून जायची, अर्धा दिवस चालून. नाव पुढंही चालत राहिली, भरून, कोणाला काही न होता, घाट बंद होईपर्यंत. संध्याकाळी अंगणात बसली असताना भागा एकदम म्हणायची, "एकदा तरी बुडायले पायजे होती." मी तिला म्हणायचो, असं बोलू नये, त्यात माणसं असतात. ती गप्प व्हायची.

आता अंगणात मी एकटा असतो. असं बोलू नये हे मला आजही कळतं. तरी तोंडातून निघून जातं, आणि गप्प करायला कोणी नसतं.